रूथ, फेलिक्स आणि रोमची आग : कादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी लोकांच्या हातात पडल्यापासून तेच ते प्रश्न येताहेत. काही उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता, काही लग्नाच्या पंगतीत, तर काही रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर ‘ताई, एक शंका होती’ म्हणून. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देताना मी दोनदा स्वतःच्याच विरोधात बोलले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. शेवट फोडलेला नाही. मधलं मात्र बरंच फुटणार आहे, तेव्हा वाचायची राहिली असेल तर आपापल्या जबाबदारीवर पुढे या.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

रूथ नगरची. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकते. नव्या करारापुरतं ग्रीक येतं, त्यातही परीक्षेपुरतं जास्त. मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांच्या, सहलीबरोबर रोमला जाते, एका चर्चच्या तळघरात उतरते आणि बाहेर पडते ती सम्राट नीरोच्या राज्यात, इसवी सन ६२ मध्ये. तिथे कपडे धुण्याच्या कारखान्यात राबणारा फेलिक्स तिला भेटतो. तो गुलाम आहे आणि ख्रिस्तीही आहे. पुढची दोन वर्षं म्हणजे कादंबरी. रूथला एवढंच नक्की माहीत आहे की जुलै ६४ मध्ये हे शहर जळणार आहे, आणि त्याचं खापर फुटणार आहे ते ज्यांच्याबरोबर ती रोज भाकर मोडते त्या ख्रिस्ती लोकांच्या डोक्यावर.

कालप्रवास होतो कसा? यंत्र वगैरे काही आहे का?

नाही. जिना आहे.

रोममध्ये कोलोसियमपासून हाकेच्या अंतरावर सान क्लेमेंते नावाचं चर्च आहे. रस्त्यावरून आत गेलं की बाराव्या शतकातलं देऊळ. त्याच्या पोटात चौथ्या शतकातलं. त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती, त्यांच्यामधली एक अरुंद बोळ, आणि पुढे मिथ्रस देवाचं ठाणं. तिकीट काढून पायऱ्या उतरत गेलं की हवा गार होत जाते, भिंतीतल्या विटा बदलत जातात आणि सगळ्यात खाली, भिंतीपलीकडून, वाहत्या पाण्याचा आवाज येतो. दिसत काही नाही. आमच्याबरोबरच्या एका मावशींनी तिथे विचारलं होतं, “नळ कुणी सुरू ठेवला गं?” कालप्रवासाला यापेक्षा जास्त यंत्र कशाला लागतं?

हे खालचे थर उकरायला फादर मुलूली या आयरिश धर्मगुरूंनी १८५७ मध्ये सुरुवात केली. त्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, जिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात आणि जी एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली. या योगायोगाचा कथेत काही उपयोग नाही. मला आवडला म्हणून सांगितला.

एक लबाडी कबूल करते. त्या सर्वांत खालच्या इमारती ६४ च्या आगीनंतर, जळक्या मलब्यावर उभ्या राहिल्या असाव्यात असं मानतात. म्हणजे रूथ ज्या दारातून ६२ साली बाहेर पडते ते दार तेव्हा नव्हतंच. पत्र लिहून ही चूक दाखवणाऱ्या वाचकाला मी मनापासून दाद दिली, पण दार काढलं नाही.

कालप्रवास पवित्र शास्त्राला धरून आहे का?

पाळकसाहेबांनीही हेच विचारलं होतं. नव्वदाव्या स्तोत्रात देवाच्या दृष्टीने हजार वर्षं म्हणजे सरून गेलेला कालचा दिवस. देव काळाच्या बाहेर असेल तर एखाद्या माणसाला इकडचं उचलून तिकडे ठेवणं त्याला अवघड नाही, एवढाच माझा युक्तिवाद. त्यावर मी सिद्धान्त उभारलेला नाही आणि कुणी उभारू नये. ही कादंबरी आहे.

मला जास्त छळलं ते दुसऱ्याच प्रश्नाने.

सगळं आधीच माहीत असताना रूथ आग थांबवत का नाही?

सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, थांबवणार कशी? आग लागली सर्कस मॅक्सिमसच्या त्या टोकाला, जिथे ते पॅलाटाइन आणि सीलियन टेकड्यांना भिडतं. तिथे दुकानांची रांग होती, पेट घेईल असा माल भरलेली. वर वारा. सहा दिवस जळत राहिली, विझली असं वाटलं आणि पुन्हा भडकली. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की शहराच्या १४ विभागांपैकी ४ तेवढे शाबूत राहिले, ३ साफ झाले, ७ मध्ये पडकी घरं उरली. नेमकं कुठलं दुकान, कुठला दिवा, ते आजवर कुणालाच ठाऊक नाही. रूथला कुठून असणार? तिच्याकडे एक तारीख आहे. पत्ता नाही.

दुसरी गोष्ट मला नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सापडली. अकराव्या अध्यायात अगब नावाचा संदेष्टा सांगतो की मोठा दुष्काळ पडणार आहे. त्यावर अंत्युखियातली मंडळी काय करते? दुष्काळ टळावा म्हणून त्यांनी काही केल्याचं ते पुस्तक लिहिणारा लूक लिहीत नाही. वर्गणी काढली, प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे, आणि ती यहूदियातल्या भावांकडे पाठवून दिली, एवढंच लिहितो. हे वाचलं तेव्हा माझी अर्धी कादंबरी झाली. पुढचं माहीत असणाऱ्या माणसाचं काम काय, तर तयारी.

म्हणून रूथ घरं बघत हिंडते. रोममध्ये घरभाड्याचे करार १ जुलैला पालटायचे. त्या दिवशी गल्लीबोळांतून खाटा, मडकी, म्हाताऱ्या यांची वरात निघायची. रूथ ज्या घरमंडळीत, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या उपासनेला, जाते त्यातली अकरा माणसं त्या गर्दीत सीलियनवरून टायबरपलीकडच्या वस्तीत हलतात. कुणाला संशय येण्याचं कारण नाही, सगळं शहरच बिऱ्हाड हलवतंय. आगीच्या अठरा दिवस आधी. नदीपलीकडे आग पोचली नाही असं बहुतेक इतिहासकार मानतात. अकराही वाचतात.

आणि मग शिपाई येतात. तुम्ही नेमके आधी कसे हललात? तुम्हाला कसं कळलं?

रूथच्या चांगुलपणाचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि लिहिताना तीन वेळा वाटलं की बदलावं. बदललं नाही.

आणखी एक. हलली ती अकरा माणसं. फेलिक्स हलत नाही, कारण तो भाडेकरू नाही. त्याची मोजदाद सामानात होते.

नायक गुलामच का? एखादा रोमन शिपाई चालला असता की!

चालला असता. घोडा, चिलखत, पिळदार दंड, सगळं आलं असतं. पण त्या काळच्या मंडळीत असे किती असतील? नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. वाचनात आपण तो उरकतो, नुसती नावं म्हणून. त्यातली बरीच नावं गुलामांत आणि मुक्त झालेल्या गुलामांत सर्रास आढळणारी आहेत. ‘अमुकाच्या घरातले जे प्रभूमध्ये आहेत’ असं प्रेषित पौल लिहितो, तेव्हा ते घरातले म्हणजे मुलं-सुना नव्हेत, बहुधा नोकर-गुलाम. मंडळी त्यांनी भरली होती. शिपाई घेतला असता तर ती प्रेमकथा रोमची झाली असती, मंडळीची नाही.

फेलिक्स परटाचं काम करतो. ‘परीटघडी’ म्हटलं की आपल्याला निळीचा वास येतो. तिथला वास वेगळा. कारखान्याच्या कोपऱ्यावर मोठी मडकी ठेवलेली असायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात लघवी करावी म्हणून. ती शिळी झाली की पाण्यात मिसळायची आणि त्यात उभं राहून गुलाम कपडे तुडवायचे. दिवसभर. मग खळखळून धुवायचे, काटेरी ब्रशने लव उचलायची, वेताच्या पिंजऱ्यावर पसरून खालून गंधकाची धुरी द्यायची आणि मग खडूसारखी माती चोळायची, की झाला पांढराशुभ्र टोगा, रोमन नागरिकाचा अंगावर गुंडाळायचा झगा. फेलिक्सच्या पोटऱ्यांपर्यंतची कातडी फाटलेली आहे. रूथ पहिल्यांदा त्याच्याकडे बघते ती चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. आणि तोंड फिरवते. प्रेमकथेची सुरुवात अशी का केली म्हणून मला बोलणी बसली आहेत.

पण अडचण वेगळीच होती. रूथ म्हणते, “हे उचल.” तो उचलतो. “बस जरा.” बसतो. “माझ्याशी बोल.” बोलतो. दोनशे पानं मी अशी लिहिली आणि मग लक्षात आलं की हा माणूस प्रेमात पडलेला नाही, हुकूम पाळतोय. ज्याच्या अंगी ‘नाही’ म्हणायची सवयच उरू दिलेली नाही, त्याचा ‘हो’ रूथने कसा ओळखायचा? ती दोनशे पानं फाडली. नव्या खर्ड्यात फेलिक्स तिला पहिल्यांदा नकार देतो, अगदी फालतू गोष्टीवरून, आणि तिला आनंदाने रडू येतं. तिथून प्रेमकथा सुरू होते.

‘दास’ हा सुंदर शब्द असताना सगळीकडे ‘गुलाम’ का लिहिलंय?

तो सुंदर आहे म्हणूनच. आपल्या पवित्र शास्त्रात ‘दास’ आहे, आणि मराठी कानाला दास म्हटलं की रामदास आठवतात, दासबोध आठवतो. कुणाचा तरी दास होणं ही आपल्याकडे भक्तीची पायरी. पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणतो तिथे तो शब्द शोभतोही. पण फेलिक्सला कुणी भक्तीने विकत घेतलेलं नाही. त्याच्या मालकाने पैसे मोजलेत, दात बघितलेत. ‘दास’ लिहिलं असतं तर वाचकाला टोचलं नसतं. ‘गुलाम’ टोचतो.

एक प्रकरण या शब्दांवरच आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात, पौल गुलामाला म्हणतो की मोकळं होता येत असेल तर त्याचा उपयोग करून घे. कशाचा उपयोग? ग्रीकमध्ये कर्म दिलेलंच नाही. ‘स्वातंत्र्याचा’ असंही होतं आणि ‘आहेस त्याच स्थितीचा’ असंही. भाषांतरकार आजही दोन बाजूंना उभे आहेत. फेलिक्स रूथला विचारतो, यात काय लिहिलंय? तिला व्याकरण येतं, उत्तर येत नाही.

त्यांचं लग्न होऊ शकलं असतं का?

कायद्याने नाही. गुलामाला लग्नच नव्हतं. दोन गुलाम एकत्र राहिले तर त्याला ‘कोंतुबेर्नियम’ म्हणत, मूळ अर्थ एका तंबूत राहणं. मालकाला वाटलं तर तंबूतलं एक माणूस विकून टाकायचा. स्वतंत्र स्त्री दुसऱ्याच्या गुलामाबरोबर राहिली तर काय, याचा कायदा सम्राट क्लौद्याच्या काळात, ५२ साली झाला होता. मालकाच्या परवानगीवाचून राहिली तर तीही गुलाम. हा फास होता नागरिक बायकांसाठी. रूथ नागरिकही नाही. म्हणजे तिच्याविरुद्ध कायदा नाही तसा तिच्या बाजूनेही नाही. ‘ही माझी पळालेली बटीक’ असं कुणी चारचौघांत म्हटलं असतं तर ती काय दाखवणार? आधार कार्ड?

मुक्ती विकत घेता यायची. गुलामाने साठवलेल्या पैशाला ‘पेकुलियम’ म्हणत. तोही कागदोपत्री मालकाचाच, पण चालवून घ्यायचे. सरकारला किमतीच्या ५ टक्के कर. मात्र ऑगस्टसच्या वेळच्या कायद्याप्रमाणे गुलाम तिशीच्या आत असला तर खास कारणाशिवाय पूर्ण नागरिकत्व नाही. कादंबरीच्या सुरुवातीला फेलिक्स सत्तावीसचा आहे. बोटं मोजा. तीस कधी होणार? ६५ साली. आग कधी? हा हिशोब जमला तेव्हा मी चहा करून प्यायले.

४०० गुलामांना मारल्याची गोष्ट खरी की पदरची?

खरी, आणि पदरची असती तर बरं झालं असतं. ६१ साली शहराचा प्रमुख अधिकारी पेदानियस सेकुंदस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुना नियम असा की अशा वेळी त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. घरात ४०० होते, बायका-मुलं धरून. लोक रस्त्यावर आले, दगड-पलिते घेऊन विरोध केला. सिनेटमध्ये चर्चा झाली आणि नियम कायम राहिला. नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैनिक उभे केले आणि त्यांना नेलं. रूथ येते ती पुढच्याच वर्षी. फेलिक्सच्या कारखान्यात मालक शिंकला तरी सगळे थबकतात, ते यामुळे.

कोलोसियममध्ये सिंह, भुयारात लपलेले ख्रिस्ती, हे काहीच कसं नाही?

कारण तेव्हा ते नव्हतं. कोलोसियम उघडलं ८० साली, नीरो मरून बारा वर्षं झाल्यावर. माझ्या पहिल्या मुखपृष्ठावर चित्रकाराने ते छान सूर्यास्तात काढलं होतं. परत पाठवलं तर म्हणाला, “ताई, मग लोकांना रोम आहे हे कळणार कसं?” त्याचंही खरं होतं. शेवटी जिना काढला.

भुयारी दफनभूमी दुसऱ्या शतकाच्या शेवटाकडच्या, आणि त्या पुरण्यासाठी होत्या, लपण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती लोकांची माशाची खूण नंतरची. गळ्यात क्रूस घालणं तर सोडाच. ज्या गल्लीत खरोखर क्रूसावर माणसं टांगलेली बघितली आहेत तिथे त्याचा दागिना कोण करेल? गुलामांच्या गळ्यातले लोखंडी पट्टे जे संग्रहालयांत दिसतात तेही मुख्यतः चौथ्या शतकातले, म्हणून फेलिक्सच्या गळ्यात पट्टा नाही.

टॅसिटस सांगतो ते असं: जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, क्रूसावर दिलं, आणि अंधार पडल्यावर दिव्यांसारखं पेटवलं. जागा नीरोच्या बागा. तो हेही लिहितो की ख्रिस्ती लोक त्याला आवडत नव्हते, तरी बघणाऱ्यांना त्यांची दया यायला लागली. हे त्याने घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी लिहिलं आणि आजचे काही अभ्यासक या हकिकतीवर शंका घेतात. मी टॅसिटसच्या बाजूने गेले आहे.

नीरो फिडल वाजवत होता ना?

फिडल यायला अजून कित्येक शतकं होती. आग लागली तेव्हा तो आन्तियमला होता, समुद्रकाठी. परत आला, बेघरांसाठी बागा उघडल्या, धान्य स्वस्त केलं. ट्रॉयच्या दहनाचं गाणं म्हटल्याची अफवा मात्र तेव्हाचीच. कादंबरीत नीरो एकदाच दिसतो, तोही लांबून, पालखीचा पडदा.

रूथला कोणतं साल आहे हे कळतं कसं?

मला या प्रश्नाने फार मजा दिली. इसवी सन मोजायची कल्पनाच सहाव्या शतकातली. ती लोकांना विचारते, हे कोणतं वर्ष? ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची, म्हणजे वर्षापुरत्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची, नावं सांगतात. तिला ती नावं शष्प माहीत नाहीत. ६२ च्या सुमारास पाँपेईकडे मोठा भूकंप झाला होता. त्याची बातमी घेऊन आलेल्या खेचरवाल्यांकडून तिला अंदाज लागतो आणि ती कोळशाने भिंतीवर रेघा ओढायला लागते.

त्यात तारखा उलट्या मोजायच्या. १९ जुलै म्हणजे ‘ऑगस्टच्या पहिल्या तारखेआधी चौदावा दिवस’, दोन्ही टोकं धरून. तासही कमी-जास्त: दिवस उन्हाळ्याचा असो की हिवाळ्याचा, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बाराच तास, म्हणजे जुलैतला एक तास सव्वा तासाचा. रूथचं घड्याळ तिसऱ्या दिवशी बंद पडतं आणि तिला सुटल्यासारखं वाटतं.

ती बोलते कोणत्या भाषेत?

ग्रीकमध्ये. रोम लॅटिनचं, पण तिथली मंडळी तेव्हा ग्रीक बोलणाऱ्यांची. पौलाने रोमकरांना लिहिलं ते ग्रीकमध्येच. पण सेमिनरीतलं ग्रीक म्हणजे पुस्तकात वाळवलेलं फूल. रूथला तहान लागलेली असते आणि रस्त्यावरच्या हौदापाशी तिला एकच पाठ वाक्य आठवतं, योहानाच्या चौथ्या अध्यायातलं, येशू शोमरोनी बाईला पाणी मागतो ते. “दोस मोइ पेइन.” हौदावरची बाई बघत राहते. मग हसते. “पीन! पीन!” तेव्हाच्या बोलण्यात ‘एइ’चा ‘ई’ कधीच होऊन गेला होता, आपण आजही सेमिनरीत ‘एइ’ घोकतो.

आणि त्यातली मेख अशी, की योहानाचं शुभवर्तमान अजून लिहिलंच गेलेलं नाही. पुढे रूथ सहज एखादा दाखला सांगते आणि म्हातारी माणसं चमकून विचारतात, हे तुला कुणी सांगितलं? तू त्याला पाहिलं होतंस?

तिला तिथे जेवण कसं जातं?

मिरची नाही. टोमॅटो नाही, बटाटा नाही, आणि नगरच्या माणसाला हे सांगताना माझा हात थरथरतो, शेंगदाणा नाही. हे सगळं अमेरिकेतून यायला दीड हजार वर्षं बाकी. पण धने आहेत, जिरं आहे, लसूण-कांदा आहे, मसूर तर गरिबाचं रोजचं अन्न. मिरी मलबारची, त्या काळचा रोमन लेखक प्लिनी याच्या हिशेबाने काळी मिरी ४ दिनारांना एक रोमन पौंड, म्हणजे मजुराची चार दिवसांची मजुरी. रूथ मसुराची आमटी करते आणि चिमूटभर मिरीसाठी आठवडाभर शिवणकाम. फेलिक्स पहिला घास घेतो, खोकतो आणि पुन्हा वाटी पुढे करतो.

हस्तिदंती बाहुलीचा प्रसंग ओढूनताणून आणलाय, नाही का?

नाही हो. पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. घडण भारतीय. ज्वालामुखीने गाव ७९ मध्ये गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधी पोचली होती. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर यांची नावं आहेत, पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाडीवाटेने बंदराकडे जातं असं लिहिलंय. कल्याण, सोपारा, चौलही आहेत. मग धुवायला आलेल्या सामानाबरोबर रूथला एका श्रीमंत घरात अशी बाहुली दिसली आणि तिच्या नाका-कानांवरून तिला आजी आठवली, तर त्यात ओढूनताणून काय?

पौल आणि पेत्र भेटतात का?

पौलाच्या दारापर्यंत ती जाते. तो पहारेकऱ्याबरोबर भाड्याच्या घरात आहे. आतून साखळीचा आवाज येतो, कुणीतरी खोकतं. एवढंच. त्याच्या तोंडी माझी वाक्यं घालायची माझी हिंमत झाली नाही. पेत्राबद्दल विचारू नका.

प्रेमप्रसंग किती आहेत? सोळा वर्षांच्या मुलीला द्यावी का?

चुंबनं दोन, त्यातलं एक ‘पवित्र चुंबन’, उपासनेतलं, सगळ्यांदेखत. काळजी करायची तर नीरोच्या बागेतल्या प्रकरणाची करा; ते आधी तुम्ही वाचा. माझ्या भाचीने वाचलं आणि नंतर दोन दिवस गप्प होती.

आम्ही ख्रिस्ती नाही. वाचावी का? हा प्रचार आहे का?

रूथ प्रार्थना करते, कारण ती तशी आहे. कधी उत्तर मिळतं, बऱ्याचदा नाही. तुम्ही प्रार्थना करायला लागावं म्हणून मी लिहिलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी, ज्या दर एकादशी पाळतात, मला एवढंच सांगितलं की फेलिक्सच्या पायाला कोकमतेल लावायला हवं होतं.

रूथ परत येते का?

म्हटलं ना, शेवट नाही.

इंग्रजी अनुवाद येणार का?

एका मैत्रिणीने तीन प्रकरणं करून बघितली. चांगली झाली, एका जागी मात्र अडली. मराठीत मला पहिल्याच पानावर ठरवावं लागलं होतं की फेलिक्स रूथला काय म्हणणार. ग्रीकमध्ये मान देण्यासाठी वेगळं रूप नाही. मालकाला आणि कुत्र्याला एकच ‘तू’. पण मराठीत गुलाम परक्या बाईला ‘तू’ म्हणालेला कानाला पटेना. म्हणून तो सुरुवातीपासून “बाई, तुम्ही” म्हणतो. ओळख वाढते, तरी तुम्ही. तिला पहिला नकार देतो तोही “नाही बाई, तुम्ही जा” असाच. तिने चिडून सांगून बघितलं, विनवून बघितलं. पण सांगून ‘तू’ म्हणाला असता तर तो पुन्हा हुकूमच झाला असता.

आगीचा सातवा दिवस. नदीकाठ. फेलिक्स कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि मग तो पलीकडून येतो, भुवया जळालेल्या, हातात कुणाचं तरी मडकं. ते खाली ठेवतो. पाण्यावर राखेची साय धरलीय, ती बोटाने बाजूला करतो.

“जेवलीस का तू?”

मैत्रिणीने ते वाक्य चार प्रकारे करून बघितलं. चारही वेळा तो फक्त जेवणाचं विचारत होता.